फादर जोसेफ वाझ : सिंहलद्वीपातील एक गोमंतकीय धर्मसेवक

इ. स. १६८७ साली जाफना शहरात दोन परदेशी भिकारी दारोदार हिंडू लागले. आजाराने त्यांची शरीरे खंगलेली होती, अंगावर मजुराची जीर्ण वस्त्रे होती आणि पायांत वहाणा नव्हत्या. अशा भिकाऱ्यांकडे निरखून पाहण्याची कोणास गरज वाटत नसे. मात्र दोघांपैकी एकाच्या गळ्यात एक जपमाळ होती आणि ती लोकांच्या नजरेस पडावी अशा बेताने घातलेली होती. त्या माळेचा अर्थ ज्यांना कळे, ते क्षणभर थबकत, आजूबाजूस पाहत आणि भिकाऱ्यास आत बोलावून दार लोटून घेत. ज्यांना कळत नसे, ते मूठभर तांदूळ घालून त्यास वाटेला लावीत. तांदूळ दोन्हीकडून मिळे; परंतु त्या माणसाचा शोध होता तो थबकणाऱ्या घरांचा.

हा भिकारी म्हणजे गोमंतकातील सांकवाळ गावचे फादर जोसेफ वाझ. त्यांचा सोबती जॉन हा त्यांच्या घरचा नोकर. सिंहलद्वीपाच्या किनारपट्टीवर त्या वेळी डच कंपनीचा अंमल होता आणि कॅथलिक धर्मगुरूने तेथे पाऊल ठेवणे हा अपराध होता. त्याला घरात थारा देणे हाही तितकाच गंभीर अपराध होता. धर्मप्रसारक म्हटला की त्याच्या पाठीमागे एखादे राज्य, एखादा किल्ला, निदान एखादे गलबत तरी असावयाचे, असे त्या शतकाचे सर्वसाधारण चित्र आहे. फादर वाझ यांच्या पाठीमागे यांतले काहीही नव्हते. त्यांच्या चोवीस वर्षांच्या कार्याचे महत्त्व नीट समजून घ्यावयाचे, तर प्रथम ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी सासष्टीतील बाणावली या गावी, त्यांच्या आजोळी झाला. वडील क्रिस्तोव्हाव वाझ हे सांकवाळचे, आई मारिया द मिरांदा ही बाणावलीची. घराणे मूळचे कोकणी ब्राह्मणांचे आणि काही पिढ्यांपूर्वी ख्रिस्ती झालेले. मुलाचे प्राथमिक शिक्षण सांकवाळास आणि लॅटिनचे शिक्षण बाणावलीस झाले. पुढे गोवा शहरात येशूसंघीयांच्या सेंट पॉल विद्यालयात आणि दोमिनिकन संघाच्या विद्यापीठात त्यांनी साहित्य, तत्त्वज्ञान व धर्मशास्त्र यांचा अभ्यास केला. १६७६ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. दीक्षेनंतर त्यांनी वहाणा घालणे सोडले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. सांकवाळास त्यांनी मुलांसाठी लॅटिनची एक शाळाही काढली.

त्या वेळचा गोवा कसा होता, हेही पाहिले पाहिजे. तेथे कॅथलिक धर्म हा राज्यकर्त्यांचा धर्म होता. १५६० पासून तेथे इन्क्विझिशनची धर्मकचेरी चालू होती. बार्देश व सासष्टी या महालांतील देवळे सोळाव्या शतकातच पाडण्यात आली होती आणि ज्यांना आपला धर्म सोडावयाचा नव्हता, त्यांतील पुष्कळांना गाव सोडावे लागले होते. दुसरीकडे, ख्रिस्ती झालेल्या गोमंतकीयांनाही युरोपियनांची बरोबरी मिळाली नव्हती. एतद्देशीय तरुण धर्मगुरू होऊ शके. परंतु येशूसंघ, फ्रान्सिस्कन, दोमिनिकन अशा मोठ्या धर्मसंघांत त्याला सहसा प्रवेश नसे. दिवाडी बेटावरील मातेउश द कास्त्रो यांना गोव्यात दीक्षा नाकारण्यात आली, तेव्हा ते रोमला गेले आणि पुढे बिशप होऊन परतले, ही हकीगत त्या काळी सर्वांच्या तोंडी होती. धर्म एक, वेदी एक, तरी मान निराळा, अशी ही स्थिती होती.

१६८१ साली गोव्याच्या धर्मसत्तेने तीस वर्षांच्या फादर वाझ यांना कानडा प्रांतात पाठविले. हा प्रांत केळदीच्या राणी चेन्नम्माच्या राज्यात होता. हीच ती राणी, जिने पुढे १६८९ साली छत्रपती राजारामांना जिंजीच्या वाटेवर आश्रय दिला. मंगळूर, बसरूर, कल्याणपूर, गंगोळी या भागांत गोव्याहून येऊन स्थायिक झालेले पुष्कळ ख्रिस्ती लोक होते. परंतु तेथे एक विचित्र पेच पडला होता. पूर्वेकडील धर्मपीठांवर आपला हक्क आहे असे पोर्तुगालचा राजा म्हणे. उलट रोमने परस्पर नेमलेले धर्माधिकारीही त्याच प्रांतात काम करीत होते. कानडा प्रांतात रोमने नेमलेले बिशप होते तोमास द कास्त्रो, म्हणजे उपर्युक्त मातेउश यांचेच पुतणे. दोन्ही बाजूंना गोमंतकीय, दोन्ही बाजूंना एकच उपासना, आणि भांडण मात्र अधिकाराचे! कोणाच्या हातची मिस्सा खरी, असा प्रश्न भाबड्या लोकांना पडू लागला. फादर वाझ यांनी गोव्याची आज्ञा मोडली नाही. परंतु त्या वादाला धारही चढविली नाही. ते गावोगाव पायी हिंडले, मोडकी देवळे उभारली, लहान शाळा सुरू केल्या. अधिकाराच्या भांडणात सामान्य श्रद्धावंताची कशी ओढाताण होते, हे तेथे त्यांना जवळून पाहावयास मिळाले. पुढे सिंहलद्वीपात त्यांनी जी नम्रता दाखविली, तिचे मूळ बहुधा या तीन वर्षांत असावे.

१६८४ साली ते गोव्यास परतले. नुकतीच छत्रपती संभाजी महाराजांची गोव्यावरील मोहीम होऊन गेली होती आणि सासष्टी-बार्देशची धूळ अजून खाली बसली नव्हती. त्याच साली व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने हुकूम काढला, की लोकांनी तीन वर्षांत आपली कोकणी भाषा टाकून पोर्तुगीज बोलू लागावे. अशा दिवसांत जुन्या गोव्यातील एका टेकडीवर, चमत्कारी क्रूसाच्या देवळापाशी, काही एतद्देशीय धर्मगुरू एकत्र राहून उपासना करू लागले होते. २५ सप्टेंबर १६८५ रोजी फादर वाझ त्यांना जाऊन मिळाले आणि लवकरच त्यांचे प्रमुख झाले. संत फिलिप नेरी यांच्या आदर्शानुसार चाललेला हा मठ ओरेटरी या नावाने प्रसिद्ध झाला. ज्यांना युरोपियन संघांची दारे बंद होती, त्यांनी तक्रार करीत न बसता स्वतःचे घर बांधले, असे या घटनेचे वर्णन करता येईल. भारतीय धर्मगुरूंनी स्वतः स्थापिलेला हा अशा प्रकारचा पहिला संघ होय.

मठाचे प्रमुखपद हाती असताना फादर वाझ यांचे मन मात्र सिंहलद्वीपाकडे लागले होते. तेथील वार्ता गोव्यास अनेक वर्षांपासून येत होत्या. पोर्तुगीज त्या बेटावर १५०५ साली प्रथम उतरले आणि पुढे किनारपट्टीवर त्यांनी आपली सत्ता बसविली. त्यांच्याबरोबर कॅथलिक धर्मही आला. १६५६ साली डचांनी कोलंबो घेतले आणि १६५८ साली जाफना घेतले. डच हे सुधारलेल्या पंथाचे ख्रिस्ती आणि पोर्तुगीजांचे वैरी. त्यांनी कॅथलिक धर्मगुरूंना बेटाबाहेर घालविले आणि देवळे आपल्या पंथाच्या उपासनेसाठी ताब्यात घेतली. मुलांचा बाप्तिस्मा आणि लग्नाची नोंद आता त्यांच्याच देवळात व्हावयाची. राज्यकर्ते बदलले, पण सामान्य माणसांची श्रद्धा राज्यकर्त्यांच्या गलबतांत बसून निघून गेली नाही. कोळी, शेतकरी, मजूर असे हजारो लोक तीस वर्षे धर्मगुरूवाचून राहिले. त्यांची मुले मोठी झाली, त्यांना मुले झाली. परंतु मिस्सा पाहिलेली नाही अशी एक पिढीच तेथे वाढली होती.

पोर्तुगीज धर्मगुरू तेथे गेला असता, तर गोऱ्या कातडीमुळे पहिल्याच दिवशी पकडला गेला असता. गोमंतकीय माणूस मात्र दक्षिणेकडील गर्दीत सहज मिसळून जाई. गोव्यात ज्या वर्णामुळे त्याला कमीपणा मिळे, तोच वर्ण सिंहलद्वीपात त्याचे संरक्षण करणार होता! फादर वाझ यांनी प्रमुखपद सोडले आणि १६८६ साली ते दक्षिणेच्या वाटेस लागले. कानडा व मलबार किनाऱ्याने ते तुतिकोरिनपर्यंत गेले. तेथे त्यांनी धर्मगुरूचा झगा उतरवून मजुराचा वेष घेतला, तमिळ भाषेची ओळख करून घेतली आणि जॉनसह ते एका होडीत बसले. वादळाने होडी भरकटली, शिधा संपला आणि कसेबसे ते मन्नारमार्गे जाफन्यास पोहोचले. पोहोचताच दोघांनाही हगवणीने गाठले. संसर्गाच्या भयाने त्यांना वस्तीबाहेर राहावे लागले. अशा वेळी एक बाई रोज तांदळाची पेज आणून देत असे, आणि तिच्या त्या पेजेवर दोघेही वाचले, असे चरित्रकार सांगतात. पेज हे गोमंतकातील गरिबाचे रोजचे अन्न. परमुलुखात पहिली ओळख पटली ती त्या अन्नाची.

जाफन्यातील त्यांचा दिनक्रम आपल्या कल्पनेतील मिशनऱ्याच्या दिनक्रमाहून फार निराळा होता. दिवस हा लपण्याचा आणि रात्र ही कामाची. अंधार पडला की कोणी विश्वासू मनुष्य येऊन त्यांना ठरलेल्या घरी घेऊन जाई. तेथे शेजारपाजारची माणसे एकेक करून जमत. आधी पापनिवेदन, मग मुलांचा बाप्तिस्मा, मग उपदेश आणि उजाडण्यापूर्वी मिस्सा. पहाटेच्या आत सर्व आवरून माणसे पांगत आणि फादर दुसऱ्या घरी अथवा दुसऱ्या गावी निघून जात. एका घरी फार दिवस राहावयाचे नाही, हा नियम; कारण त्यात घरमालकाचे मरण होते. तमिळ अद्याप अपुरी असल्यामुळे ते दिवसा भाषेचे पाठ घेत आणि रात्री तीच भाषा बोलत. पुढे जवळच्या सिल्लालै या गावी त्यांनी मुक्काम केला. त्या गावचे लोक कॅथलिक श्रद्धेला धरून राहिलेले होते आणि तेथून ते आसपासच्या खेड्यांत जात.

ही गोष्ट फार काळ गुप्त राहणे शक्य नव्हते. डच अधिकाऱ्यांना सुगावा लागला. एका नाताळच्या रात्री उपासनेसाठी जमलेल्या लोकांवर शिपायांनी धाड घातली. फादर वाझ निसटले. परंतु जमलेल्यांपैकी अनेकांना कैद झाली, दंड झाले, काहींना फटक्यांची शिक्षा झाली. धर्मसेवकाच्या चरित्रात अशा प्रसंगी बहुधा त्याच्या सुटकेचेच कौतुक केले जाते. वास्तविक त्या रात्रीची किंमत दिली ती जाफन्याच्या गृहस्थांनी. त्यांना पळून जाण्यास दुसरा देश नव्हता. त्यांची घरे, शेते आणि मुले तेथेच होती. फादर वाझ यांना जगाने पुढे संत म्हटले. परंतु ज्यांनी त्यांना दार उघडले, त्यांतील बहुतेकांची नावेही आज सांगता येत नाहीत.

आपल्यामुळे लोकांवर संकट येते हे पाहून त्यांनी १६९० साली जाफना सोडले आणि ते पुत्तलमकडे गेले. हा प्रदेश कँडीच्या राजाच्या अंमलाखाली होता. बेटाचा किनारा डचांकडे आणि मधला डोंगराळ मुलूख सिंहली राजाकडे, अशी तेव्हाची विभागणी होती. पुत्तलम परिसरात काम केल्यावर, १६९२ साली, ते राजधानी कँडीकडे निघाले. तेथेही धर्मगुरूवाचून राहिलेले कॅथलिक होते. वाटेत मात्र नवेच विघ्न उभे राहिले. दरबारात लानेरोल नावाचा एक फ्रेंच प्रॉटेस्टंट गृहस्थ होता. हा मनुष्य पोर्तुगीजांचा हेर आहे, असे त्याने राजाच्या कानावर घातले. फादर वाझ, जॉन आणि त्यांना आणणारा व्यापारी अशा तिघांनाही बेड्या पडल्या.

राजा दुसरा विमलधर्मसूर्य हा मोठा श्रद्धावान बौद्ध होता. याच राजाने पुढे आराकानहून भिक्षू आणवून आपल्या राज्यातील खंडित झालेली उपसंपदेची परंपरा पुन्हा सुरू केली आणि दंतधातूसाठी तीन मजली मंदिर बांधले. त्याने कैद्यावर पाळत ठेवविली. हेर म्हणून पकडलेला हा मनुष्य पत्रे लिहीत नाही, कोणास फितवीत नाही. पहारेकऱ्यांशी मोडकेतोडके बोलत सिंहली शिकतो आणि उरलेला वेळ प्रार्थनेत घालवितो, एवढेच वृत्त त्याच्याकडे येत गेले. हळूहळू कैदेची बंधने सैल झाली. आधी ठरावीक हद्दीत फिरण्याची मुभा मिळाली. मग तुरुंगाजवळ एक झोपडी उभी राहिली आणि तिच्यात वेदी आली. कँडीतील कॅथलिक लोक भीत भीत तेथे येऊ लागले. पुष्कळ वर्षांनी त्यांनी मिस्सा पाहिली, ती एका कैद्याच्या झोपडीत.

१६९३ साली कँडीत मोठे अवर्षण पडले. राजाच्या इच्छेवरून फादर वाझ यांनी चौकात वेदी मांडून व क्रूस उभारून प्रार्थना केली आणि पाऊस कोसळला, अशी हकीगत परंपरेने सांगितली जाते. पावसाचे कारण काय, याचा निर्णय ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे करावा. इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच, की त्यानंतर राजाने त्यांना आपल्या राज्यात मोकळेपणाने फिरण्याची व धर्मोपदेश करण्याची परवानगी दिली. यात राजाचे राजकारण नव्हते असे नाही. डच हे त्याचे प्रतिस्पर्धी, आणि डचांनी छळलेल्यांना आश्रय देणे त्यास गैरसोयीचे नव्हते. तथापि केवळ राजकारणाने एवढा विश्वास उत्पन्न होत नाही. ख्रिस्ती डचांच्या मुलुखात ज्याला रात्री लपून फिरावे लागे, तोच धर्मगुरू बौद्ध राजाच्या मुलुखात दिवसाढवळ्या फिरू लागला. त्या काळच्या युरोपात अशी सहिष्णुता क्वचितच आढळली असती. त्यांच्या स्वतःच्या गोव्यातही ती नव्हती, हे सत्यही येथे सांगितले पाहिजे.

या परवानगीनंतरही त्यांचे जीवन सुखाचे झाले नाही. ते झाले अधिक कष्टाचे. कँडीहून पुत्तलम, तेथून किनाऱ्याने खाली नेगोंबो आणि कोलंबो असा त्यांचा पायी प्रवास चाले. डचांच्या हद्दीत शिरताना पुन्हा मजुराचा वेष, पुन्हा रात्रीच्या सभा. मिस्सेचे साहित्य गाठोड्यात बांधून घ्यावयाचे, अरण्यातील वाटा तुडवावयाच्या, नद्या ओलांडावयाच्या, जळवा आणि हिवताप सोसावयाचे. गावात पोहोचले की प्रथम आजाऱ्यांची विचारपूस, मग तंटे मिटविणे, मग मुलांना प्रार्थना शिकविणे आणि शेवटी उपासना. निघताना गावातीलच एखाद्या जाणत्या माणसावर कामाचा भार सोपवावयाचा, म्हणजे धर्मगुरू पुन्हा येईपर्यंत तो लोकांना एकत्र ठेवील. प्रत्येक गावी फादर वर्षातून एखाद्या वेळीच येणार. उरलेले दिवस गावाने आपल्या पायांवर उभे राहिले पाहिजे, ही त्यांची कार्यपद्धती होती. पुढे धर्मगुरूंवाचून दिवस काढण्याची पाळी आली, तरी ही मंडळी विखुरली नाहीत, याचे श्रेय या पद्धतीला आहे.

पहिली नऊ वर्षे हे सर्व काम ते एकट्याने करीत होते. १६९६ साली गोव्याच्या मठाने काही धर्मगुरू मदतीस पाठविले. त्यांत त्यांचे भाचे फादर जोसेफ कार्व्हाल्यो हे होते. पुढच्याच वर्षी, १६९७ साली, कँडीत देवीची भयंकर साथ आली. देवीच्या रोगाला तेव्हा उपाय नव्हता. राजा व दरबारी मंडळी शहर सोडून गेली. घरातील माणसाला देवी आल्या, की नातेवाईक त्यास अरण्यात नेऊन ठेवीत आणि मागे न पाहता परतत. मामा-भाचे मात्र शहरातच राहिले. त्यांनी अरण्यात टाकलेल्या आजाऱ्यांना शोधून काढले, त्यांच्यासाठी झोपड्या उभारल्या, ओस पडलेल्या घरांची रुग्णालये केली. दिवसाचा क्रम ठरून गेला होता: पेज शिजवावयाची, ती आजाऱ्यांना भरवावयाची, जखमा धुवावयाच्या आणि जे गेले असतील त्यांच्यासाठी खड्डे खणावयाचे. आजारी मनुष्य ख्रिस्ती की बौद्ध, हा प्रश्न कोणी विचारला नाही. दहा वर्षांपूर्वी जाफन्याच्या वस्तीबाहेर एका अनोळखी बाईने आणून दिलेली पेज फादर वाझ विसरले नसावेत.

साथ ओसरल्यावर राजा परतला, तेव्हा या सेवेची हकीगत त्याच्या कानी गेली. ‘हा हेर आहे’ असे कोणी म्हटले, तरी त्यावर विश्वास ठेवणारे आता कोणी उरले नव्हते. १७०७ साली राजा वारला. त्याच्या पुत्रानेही, राजा नरेंद्रसिंहाने, पित्याचेच धोरण चालू ठेवले. मधल्या काळात पोपचे वकील म्हणून हिंदुस्थानात आलेल्या तुर्नों यांनी फादर वाझ यांच्याकडे उच्च धर्माधिकाराचे पद घेण्याविषयी विचारणा केली होती. त्यांनी ती नम्रपणे नाकारली. कानडा प्रांतातील अधिकाराचे भांडण त्यांनी पाहिले होते. सिंहलद्वीपात तसले भांडण नेण्याची त्यांची इच्छा नव्हती.

त्यांच्या सहकाऱ्यांपैकी एकाचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. १७०५ साली दिवाडी बेटावरचे फादर जाकोमे गोन्साल्व्हिस तेथे आले. भाषांची त्यांना असामान्य देणगी होती. फादर वाझ यांनी त्यांना कँडीत सिंहली भाषेच्या अभ्यासास लावले. केवळ बाजारात चालणारी भाषा नव्हे, तर पंडितांची ग्रंथभाषा शिकावयाची, असा आग्रह. पुढे फादर गोन्साल्व्हिस यांनी सिंहली व तमिळ या दोन्ही भाषांत गद्य-पद्य ग्रंथ लिहिले, कोश रचले, उपासनेची गीते रचली. सिंहली साहित्याचा इतिहास लिहिणारे आजही त्यांचे नाव गौरवाने घेतात. गोव्यात व्हाइसरॉय लोकांना मातृभाषा टाकावयास सांगत होता. त्याच गोव्यातून निघालेले हे धर्मगुरू परक्यांच्या मातृभाषा आदराने शिकत होते. ज्यांच्या स्वतःच्या भाषेवर घाला आला होता, त्यांना भाषेचे मोल अधिक कळले असल्यास नवल नाही.

१७१० च्या सुमारास फादर वाझ यांची प्रकृती ढासळली. चोवीस वर्षांचा पायी प्रवास, उपास आणि वारंवार येणारी दुखणी यांनी शरीर झिजले होते. १६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथे त्यांचे देहावसान झाले. त्या वेळी त्यांचे वय एकोणसाठ वर्षांचे होते. गोवा सोडल्यापासून ते पुन्हा कधीही घरी परतले नाहीत. त्यांच्या मृत्युसमयी बेटावर सुमारे ७०,००० कॅथलिक असल्याचा आकडा परंपरेने दिला जातो. त्या काळच्या गणनांवर फार भार टाकू नये. परंतु जो समाज एका पिढीत नामशेष होईल असे डचांना वाटले होते, तो नामशेष झाला नाही, हे निर्विवाद आहे.

त्यांचे चरित्र त्यांच्याच संघातील गोमंतकीय धर्मगुरू सेबास्तियाव दो रेगो यांनी लिहिले आणि ते १७४५ साली लिस्बन येथे छापून प्रसिद्ध झाले. २१ जानेवारी १९९५ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी कोलंबो येथे त्यांना धन्य घोषित केले आणि १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्याच शहरात, समुद्रकाठच्या गॉल फेस मैदानावर, त्यांची संतमालिकेत गणना केली. ज्या कोलंबोत ते मजुराच्या वेषात, रात्रीच्या अंधारात शिरत असत, त्याच कोलंबोत भर दिवसा, लाखोंच्या समुदायापुढे त्यांचे नाव उच्चारले गेले.

त्यांच्या आयुष्याच्या खुणा आता फार थोड्या उरल्या आहेत. सांकवाळच्या जुन्या देवळाला १८३४ साली आग लागली आणि त्याची दर्शनी भिंत तेवढी उभी राहिली. जुन्या गोव्याच्या टेकडीवरील त्यांच्या मठाचे अवशेष झाडाझुडपांनी वेढले आहेत. कँडीत त्यांना जेथे पुरले, ते स्थळही काळाच्या ओघात हरवून गेले आणि त्यांची समाधी म्हणून दाखविता येईल असा दगड तेथे नाही. जॉनची कथा तर त्याहून लहान. चरित्रात तो बहुधा या एकाच नावाने येतो. मालकाच्या बरोबरीने उपाशी राहतो, आजारी पडतो, बेड्या सोसतो, आणि मागे सरतो.

किल्ले बांधणाऱ्यांचे किल्ले सिंहलद्वीपाच्या किनाऱ्यावर आजही पाहावयास मिळतात. पोर्तुगीज गेले, डच गेले, त्यांच्यानंतर आलेले इंग्रजही गेले. परंतु जाफन्याजवळच्या सिल्लालै गावात आणि पुत्तलमच्या किनाऱ्यावरील कोळ्यांच्या वस्त्यांत संध्याकाळी जपमाळ म्हणणारी घरे अजून आहेत. सव्वातीनशे वर्षांपूर्वी एका भिकाऱ्याच्या गळ्यातील माळ पाहून ज्यांच्या पूर्वजांनी दार उघडले, त्यांतीलच काही ही घरे असतील. फादर वाझ यांचे खरे स्मारक शोधावयाचे, तर ते त्या उघडलेल्या दारांपाशीच शोधावे लागेल.